हातात मोसंबी धरायची, हा नियम माझा

गोविंदशेठ, आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. मला ध्यान येत नव्हतं.

तुम्ही गेल्याला आज अठरा दिवस झाले. दुखवट्याच्या बैठकीला अख्खं भोकरदन येऊन गेलं, बारावं झालं, तुमच्या मुलानं, मनोजनं दुकान उघडलं. बैठकीत जो तो तुमच्याबद्दल काही ना काही चांगलं सांगत होता आणि मधूनच कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "ह्या सरांनी शेठला ध्यान शिकवलं. त्याच्यावरच सहा वर्षं निघाली." मी मान खाली घालून बसायचो. लोकांना वाटायचं, सरांना बोलवत नाही. दुःख तर होतंच, ते कुठं जातंय. पण तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल, ही भीती त्याहून जास्त होती. सहा वर्षं तुमच्यासमोर मी जे नव्हतो ते होऊन बसलो, आणि सांगायचं राहून गेलं.

तुम्हाला तो पहिला दिवस आठवत असेल. मी शर्टाचं कापड घ्यायला आलो होतो. एरवी मला बघताच तुम्ही गादीवरून अर्धे उठायचात. त्या दिवशी उठला नाहीत. उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. कापड मनोजनं मोजलं आणि कात्रीनं कापलं. मला ते खटकलं, कारण तुमच्या दुकानात कात्री फक्त काठाला टुचकन एक चीर द्यायला असायची. पुढचं काम तुमचे दोन हात करायचे. चर्रर्र असा आवाज, आणि कापड सुतात सरळ. माझ्या वर्गातली पोरं गणवेशाच्या कापडासाठी यायची तेव्हा नुसता तो आवाज ऐकायला दारात घोळका करायची.

गिऱ्हाईक पांगल्यावर तुम्ही हात बाहेर काढून गादीवर ठेवला. तो आपला आपणच हलत होता. अंगठा आणि बोट तर जसं काही पुडीतलं मीठ चिमटीनं टाकत होते.

"संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरकडं गेल्तो," तुम्ही म्हणालात. "कंपवात हाय म्हणे. गोळ्या दिल्या, जनमभर घ्यायच्या. आणि म्हणले, टेन्शन वाढलं का कंप वाढतो, मंग ध्यान-बिन करत जा. सर, तुमच्या विहारात ध्यान शिकवतेत ना?"

"शिकवतात की. रविवारी या."

"चारचौघांत न्हाई. माझा हात नाचून राह्यला. तुम्हीच शिकवा. तुम्ही तर लहानपणापासून करत असताल."

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, वडिलांनी विहार बांधायला विटा वाहिल्या, मला वंदना तोंडपाठ. पण ध्यान? दहा वर्षांचा असताना वडिलांनी एकदा बसवलं होतं, तेव्हा मी सगळा वेळ एक डोळा किलकिला करून त्यांचे मिटलेत का ते बघत होतो. पुढं निवृत्त होईपर्यंत बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि एका जागी बसणं हे काम फक्त विद्यार्थ्यांचं, अशी माझी समजूत होती. पण तुम्ही असं काही विचारलंत, जसं काही आमच्या घरी पिढीजात तिजोरी आहे आणि तुम्हाला त्यातलं थोडंसं हवंय. किल्ली हरवलीय, असं सांगायची मला लाज वाटली. तुमचा आवाजही किती बारीक झाला होता त्या दिवशी.

"उद्या दुपारी येतो," मी म्हणालो.

घरी येऊन सुमनला विचारलं. आमची सुमन दर रविवारी विहारात बसते. ती इतकी हसली की तिला पोळी तव्यावरून काढायचं भान राहिलं नाही. "तुम्ही शिकवणार? जेवताना तुमच्यानं एका जागी बसवत नाही!" मग हसू आवरून तिनं सांगितलं, पाठ सरळ ठेवायची, डोळे मिटायचे, नाकाशी श्वास येतो-जातो तेवढा बघायचा, मन पळालं की रागवायचं नाही, परत आणायचं.

"एवढंच?"

"एवढंच. बसून बघा, म्हणजे एवढंच म्हणजे किती ते कळंल. आणि शेठला खरं सांगा, मीपण नवाच आहे म्हणून."

तिचं पहिलं सगळं मी तुम्हाला सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या गोदामात आपण बसलो. चहूकडे कापडाचे तागे, खळीचा वास, वर एक पंखा जो फिरण्यापेक्षा कुरकुरायचाच जास्त. मी सुमनचं सगळं म्हणून दाखवलं, अगदी पाठ केल्यासारखं. तुम्ही डोळे मिटले. हात मांडीवर ठेवला आणि तो नाचायला लागला. मिनिटभरानं तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "सर, याचं काय करायचं?"

याचं काय करायचं ते सुमननं सांगितलं नव्हतं. माझ्या पिशवीत चार मोसंब्या होत्या. सुमनचं माहेर जांब समर्थचं, तिकडून भावानं गोणी पाठवली होती, त्यातल्या तुमच्यासाठी आणल्या होत्या. मी एक काढली आणि तुमच्या तळहातावर ठेवली.

"ही धरा."

"मोसंबी?"

"हो. नियम आहे."

शेठ, मास्तराची ही खोड फार वाईट. जे माहीत नाही ते जरा जास्त ठणकावून सांगायचं. तुम्ही बिचारे मान डोलावून परत डोळे मिटून बसलात. आधी मोसंबी डुगडुगत होती. मग तुमचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली आणि हळूहळू मोसंबीचं हलणं कमी झालं. थांबलं नाही, पण कमी झालं. हे मला कसं दिसलं, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. माझे डोळे सताड उघडे होते.

डोळे उघडल्यावर तुमचं तोंड असं फुललं होतं! "सर, बराबर हाय हा नियम. काहीतरी धरायला भेटलं तर त्याला बी बरं वाटतं." 'त्याला' म्हणजे हाताला. तेव्हापासून तुम्ही त्या हाताबद्दल घरातल्या वांड पोराबद्दल बोलावं तसं बोलू लागलात. आज यानं लवकर ऐकलं, आज सकाळपासून यानं उच्छाद मांडलाय.

मग ती मोसंबी सोलून खायचा रिवाज पडला. सोलायची तुम्हीच, कारण डॉक्टरांनी बोटांना काम द्या म्हणून सांगितलं होतं. साल काढताना रसाची चिळकांडी नेमकी माझ्या चष्म्यावर यायची. पहिली फोड मला, दुसरी तुम्हाला. सोलायला किती वेळ लागला, त्यावरून त्या दिवशी तब्येत कशी आहे ते मला कळायचं.

रोज दुपारी दोन वाजता मी येऊ लागलो. दोन वर्षांनी "बाजाराच्या दिवशी सुट्टी," असं तुम्हीच ठरवलंत, त्या दिवशी खेड्यापाड्यांतून गर्दी असते म्हणून. मला ते बरंच होतं. बाकी सहा दिवस मात्र तुम्ही मला सोडलं नाही. मी एक दिवस आलो नाही तर मनोजचा फोन, "सर, बापूजी थांबलेत." तुम्हाला शिकवायचं म्हणून मला बसावं लागलं, यासारखा न्याय दुसरा नाही. पहिले सहा महिने मी डोळे उघडे ठेवून तागे मोजायचो. मग मिटायला लागलो तर झोप लागायची. दुपारची वेळ, पोटात भाकरी, डोक्यावर पंखा. एकदा म्हणे मी एवढा घोरलो की बाहेरच्या गिऱ्हाइकानं मनोजला विचारलं, मागं गिरणी टाकली का? तुम्ही मला उठवलं नाहीत. जागा झालो तेव्हा गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "सर, तुमचं ध्यान लई खोल जातं." त्यात थट्टा किती आणि श्रद्धा किती, ते मला कधीच उलगडलं नाही.

मोसंबीचा बहार संपला की पंचाईत. पहिल्या वर्षी तुम्ही विचारलंत, आता काय धरायचं? मी म्हणालो, बटाटा. "हा बी नियम हाय?" "पोटनियम." आणि मिरचीच्या दिवसांत तर कहर. बाजारात मिरचीची आवक सुरू झाली की सगळ्या गावाच्या नाकात तिखट. आपण नाकाशी श्वास बघायला बसायचो आणि श्वासाआधी शिंकच यायची. एकदा तुम्ही, मी आणि चहा घेऊन आलेल्या भाभी, तिघंही शिंकत शिंकत हसत सुटलो. हसता हसता तुमचा हात पूर्ण थांबला होता. भाभींनीच ते आधी पाहिलं आणि चहाचा ट्रे हातात तसाच धरून त्या उभ्या राहिल्या.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही ते नाहीच. ते माझ्या अंगच्या विज्ञानामुळं. मी म्हणायचो, गुण गोळ्यांचा. तुम्ही म्हणायचात, गोळ्यांचा हायच, पण ह्याचा बी हाय. एक दिवस मी घरातली जुनी मोजनळी घेऊन आलो. पेला काठोकाठ भरायचा, तुम्ही तो उजव्या हातात मिनिटभर धरायचा, खाली परातीत सांडलेलं पाणी मोजायचं. मग वीस मिनिटं बसायचं आणि परत तेच. मी वही घातली. बहुतेक दिवशी बसल्यावर पाणी कमी सांडायचं. काही दिवशी तेवढंच. आणि मनोजशी वादावादी झाली असली की, ध्यान करा नाहीतर मोसंबीची बाग खा, परात भरायची.

"बघा, कमी सांडलं ना?" तुम्ही लहान पोरासारखे म्हणायचात.

"शेठ, एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं."

"मी एकच हाय ना सर. मला एका माणसावरून सिद्ध झालं तर बिलकुल पुरतं."

यावर मी त्या दिवशी म्हणालो होतो की हे अशास्त्रीय आहे. ते वाक्य मागं घ्यायचं राहिलं. आता घेतो.

पण शेठ, एकदा तुम्ही मला असं घाबरवलंत की अजून आठवलं तर घाम येतो. दुसरं वर्ष होतं. आठवडाभर तुम्ही फार खुशीत होतात, मोसंबी झटक्यात सोलत होता. मग एका दुपारी मनोज पळत आला, बापूजी बसस्टँडजवळ रस्त्यात अडकले म्हणून. मी पोचलो तर तुम्ही भर रस्त्यात उभे. पाय जमिनीला खिळलेले. पुढून जालन्याची बस हॉर्न देतेय, मागं रिक्षावाले ओरडताहेत आणि तुमचा चेहरा दगडासारखा. मी दंडाला धरून ओढणार, तेवढ्यात तुम्ही ओठातल्या ओठात म्हणालात, "वढू नका, पडंन. थांबा. तीन श्वास घेऊ द्या." अख्खा रस्ता अडवून आपण दोघांनी तीन श्वास घेतले. मग तुमचा डावा पाय उचलला गेला.

दुकानात आल्यावर कळलं. त्या खुशीत तुम्ही दोन दिवसांपासून गोळ्या बंद केल्या होत्या.

"मला वाटलं, तुमचं ध्यान असून राह्यलं तर गोळी कशाला," तुम्ही म्हणालात.

तुमचं ध्यान! माझ्या फुशारकीपायी एक माणूस बसखाली जाता जाता वाचला होता. तेव्हा सांगायला हवं होतं की मला काही येत नाही, ऐका फक्त डॉक्टरांचं. जिभेवर आलं होतं, आईची शपथ. पण तुम्ही इतके ओशाळून बसला होता की तुमचा आधारही काढून घ्यायचा मला धीर झाला नाही. मग मी दुसरी थाप मारली. आवाज चढवून म्हणालो, "नियम माहीत नाही तुम्हाला? आधी गोळी, मग ध्यान. गोळी घेतल्याशिवाय बसलं तर फळ नाही." तुम्ही हात जोडलेत. दुसऱ्याच दिवशी मनोजबरोबर तुम्हाला डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी तुम्हाला खडसावलं, गोळ्यांच्या वेळा नव्यानं लावून दिल्या आणि बसायचं चालू ठेवा म्हणाले. त्यानं आजार जाणार नाही, पण जीव हलका राहील. त्यानंतर तुमची एक गोळी चुकली नाही. माझ्या सगळ्या थापांत ही एकच कामाची निघाली.

आणि आमच्या लेकीचं, प्रज्ञाचं लग्न! ते कसं विसरू? आमच्याकडं लग्नात पांढरी वस्त्रं. मंचावर बुद्धमूर्तीपुढच्या टेबलाला पांढरं कापड लागतं, ते आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात तुमच्याच हातानं फाडलेलं. मी मनोजला म्हणालो, काप बाबा तूच. तुम्ही गादीवरून म्हणालात, "थांब."

तुम्ही ताग्यापुढं बसलात. डोळे मिटलेत. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, चारचौघं म्हणतात ते हेच, आणि तुम्ही हात मांडीखाली दडवला नाहीत. भाभी आतून मोसंबी घेऊन आल्या. ती हातात घेऊन तुम्ही किती वेळ बसलात कोण जाणे, मी तर श्वास घ्यायचाच विसरलो होतो. मग मोसंबी खाली ठेवली, मनोजनं काठाला चीर दिली, आणि चर्रर्र! मध्ये एकदा अडलं. तुम्ही थांबलात, श्वास घेतलात आणि पुढं चर्रर्र. सुतात सरळ.

"कापड धाग्याच्या मागं जातं सर," तुम्ही मला म्हणालात. "हाताला फकस्त सोडून द्यावं लागतं."

प्रज्ञा तिथंच रडायला लागली, मी चष्मा पुसायला लागलो आणि एक म्हातारं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, मला धोतरजोडी दाखवता का नाही? किती हसलो आपण. लग्नात मंचाकडं बघणाऱ्या पाहुण्यांना ते साधं पांढरं कापड दिसत होतं. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून त्याची कड दाखवत होतो.

पुढची वर्षं उताराचीच होती, ते आपल्याला दोघांनाही कळत होतं. बसून आजार थांबत नाही. गोळ्या वाढल्या, पावलं लहान झाली, अक्षर मुंगीएवढं झालं. पण दुकानाचा उंबरठा आला की तुम्ही थांबायचात, तीन श्वास घ्यायचात आणि पाय उचलायचात, आणि पलीकडं पोचलात की माझ्याकडं अशा मिजाशीनं बघायचात, जसं काही अजिंठ्याचा डोंगर चढून आलात. मनोजशी वाद कमी झाले. भाभी म्हणायच्या, आता हे रात्री झोपतात तरी. मोजनळी कधी माळ्यावर गेली, मला आठवत नाही.

शेवटची भेट दवाखान्यातली, सकाळची. छातीत कफ भरला होता, बोलणं बंद झालं होतं. मी ठरवूनच आलो होतो, आज सांगायचं. खुर्ची ओढून जवळ बसलो. "शेठ, एक सांगायचंय," एवढं म्हणालो आणि तुम्ही डोळे मिटून उजवा हात पुढं केलात. तळवा वर. मोसंबी द्या म्हणून. माझ्याजवळ मोसंबी नव्हती. दवाखान्यात येताना आणायचं सुचलं नाही, याची चुटपुट मला मरेपर्यंत राहील. मग मी माझी मूठ तुमच्या तळव्यात ठेवली. तुमची बोटं तिच्यावर मिटली. तुमची थरथर माझ्या मनगटातून कोपरापर्यंत येत होती आणि मी नाकाशी श्वास बघत बसलो. तागे मोजले नाहीत, झोप आली नाही, काही सांगायचं आठवलं नाही. शेठ, सहा वर्षांत मी पहिल्यांदा बसलो. सुमन म्हणाली होती, एवढंच म्हणजे किती ते कळंल. ते त्या दिवशी कळलं. आणि ते तुम्ही शिकवलंत.

आता काल काय झालं ते ऐका. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

काल बाजाराचा दिवस. सकाळी दहाला मनोजचा फोन. "सर, जरा येता का? बापूजींची माणसं आलीत. मला न्हाई सुचून राह्यलं काय सांगावं."

मी आलो. दुकानात गर्दी होती. मनोजनं मला गोदामाकडं नेलं. आत सतरंजीवर पाच जण बसले होते. एक म्हातारी, तिची मान सारखी 'नाही नाही' म्हणत हलत होती. एक रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर, लकवा मारून गेला तेव्हापासून एक हात जड. एक तरुण शिक्षिका, तिला अर्धशिशीचा त्रास. आणि दोघं तुमच्याच आजाराचे, मी लांबूनच ओळखले. मिरचीचा वास आत येत होता. आणि शेठ, पाचही जणांच्या हातात एकेक मोसंबी होती.

मी दारातच थिजलो, तुम्ही बसस्टँडवर थिजला होतात तसा.

मनोज म्हणाला, चार वर्षांपासून चालू आहे. म्हातारी, छबूबाई नाव त्यांचं, लुगडं घ्यायला आल्या होत्या, त्यांची मान बघून तुम्ही म्हणे त्यांना आत बसवलंत. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. दर बाजारी यायचे, तासभर बसायचे, मग बाजार करून गावाकडं. म्हणून मला सुट्टी होती होय! चार वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलंत? आणि मी समजत होतो की लपवाछपवी एकटा मीच करतोय.

"हे मोसंबीवाले सर," मनोजनं ओळख करून दिली. पाचही जण उठायला लागले. ड्रायव्हर म्हणाले, "सर, शेठ तुमचं लई नाव काढायचे. आधी गोळी, मंग मोसंबी, मंग श्वास. तुमचेच नियम चालवून राह्यलो आम्ही. आता तुम्ही चालवा."

पाय पुढं टाकवेना. तीन श्वास घेतले आणि गोदामाचा उंबरठा ओलांडला. आणि जे तुम्हाला सहा वर्षांत सांगता आलं नाही, ते पाच अनोळखी माणसांना उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"मला ध्यान येत नाही. कधीच येत नव्हतं. मोसंबीचा नियम मी त्या दिवशी जागेवर बनवला. शेठला मी फसवलं. तुम्ही रविवारी विहारात जा, तिथं शिकलेली माणसं आहेत."

पंखा कुरकुरत होता. शिक्षिकेनं ड्रायव्हरकडं पाहिलं. छबूबाईंची मान हलत होती, ती नाही म्हणतेय की तिचं आपलं चाललंय, ते कळेना. मग त्या सतरंजीवर सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"आम्हाला ठावं हाय की सर," त्या म्हणाल्या. "शेठनं पयल्याच दिवशी सांगून ठेवल्तं. म्हणले, आमच्या सरला काही येत न्हाई. पण माझ्यासाठी रोज येऊन बसतेत. तुम्ही बी तसंच एकमेकाजवळ बसा."

गोविंदशेठ, तुम्हाला माहीत होतं! आणि वर मला म्हणत होता, सर, तुमचं ध्यान लई खोल जातं!

मी बसलो. ड्रायव्हरांनी जड नसलेल्या हातानं पिशवीतून सहावी मोसंबी काढून माझ्या तळव्यात ठेवली. आम्ही डोळे मिटले. वीस मिनिटांत चार वेळा शिंका आल्या, दोन माझ्या होत्या. मग सोलायची वेळ झाली. माझी मोसंबी मीच सोलली, आणि कधी नव्हे ते माझाच हात इतका थरथरत होता की चिळकांडी थेट छबूबाईंच्या डोळ्यात गेली.

त्या डोळा चोळत हसल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या बाजारी लवकर या सर. आणि गोळी खाऊन या."

पहिली फोड मी तुमच्या नावानं बाजूला ठेवली होती. मग विचार केला, तुम्हाला फळ वाया गेलेलं आवडत नाही. खाल्ली. गोड होती, शेठ.